फौजेनंतरचा धंदा

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ या वयातले असतात. इतर नोकरदारांच्या हिशेबात हे निवृत्तीचे वय नव्हेच. गावातला शिक्षक किंवा तलाठी या वयात अजून बढतीची वाट पाहत असतो. फौजी मात्र याच वयात पेन्शनवर येतो. तेव्हा थोरला मुलगा दहावीच्या आसपास असतो, धाकटी प्राथमिक शाळेत असते, घराचे बांधकाम अर्धे झालेले असते आणि आईवडील थकलेले असतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे कमवावेच लागणार असते. त्यातून तीन वाटा फुटतात. सरकारी किंवा बँकेतली दुसरी नोकरी, खासगी कंपनीतली सुरक्षेची नोकरी आणि स्वतःचा धंदा. पहिल्या दोन वाटांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. तिसऱ्या वाटेवर किती माणसे चालतात, त्यांना काय मिळते, कुठे ठेच लागते, याकडे मात्र आपण सत्कारापुरतेच पाहतो.

सुरुवात पैशापासून करायला हवी, कारण निवृत्तीच्या वेळी हातात येणारी रक्कम गावाच्या मानाने मोठी असते. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक रजेचा पगार आणि पेन्शनचा विकलेला भाग. हे ‘पेन्शन विकणे’ नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखाद्या हवालदाराची मूळ पेन्शन महिना २० हजार रुपये आहे. तिच्यातला निम्मा भाग, म्हणजे १० हजार, त्याला विकता येतो. चाळिशीच्या आसपास विकलेल्या भागाच्या वर्षभराच्या रकमेच्या साधारण नऊ पट पैसे एकदम हातात पडतात, म्हणजे ११ लाखांच्या जवळपास. पुढची १५ वर्षे दरमहा १० हजार कापले जातात आणि मग पेन्शन पूर्ववत होते. मधल्या काळातही महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवरच मिळतो. कर्ज म्हणून याचा हिशेब मांडला तर व्याज साडेसात टक्क्यांच्या आतबाहेर बसते, आणि माणूस मध्येच गेला तर उरलेली वसुली कुटुंबाकडून होत नाही. छोट्या धंदेवाल्याला इतके स्वस्त भांडवल बाजारात कुठेच मिळत नाही.

मग अडते कुठे? वेळेत. पेन्शन विकायची की नाही, हे निवृत्तीच्या कागदांबरोबरच ठरते. वर्ष उलटून गेले तर वैद्यकीय तपासणीचा फेरा मागे लागतो, म्हणून बहुतेक जण आधीच सही करून मोकळे होतात. आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम अशा वेळी हातात येते, जेव्हा बाजाराशी ओळख सर्वांत कमी असते. पंधरा-वीस वर्षे माणूस पठाणकोट, जोधपूर, तेजपूर असा फिरलेला असतो आणि गावाच्या बाजारपेठेशी त्याचा संबंध सुट्टीतल्या खरेदीपुरताच राहिलेला असतो. पैसा आधी येतो आणि धंद्याची समज नंतर. माजी सैनिकांच्या उद्योगांचा प्रश्न मला मुख्यतः या उलट्या क्रमाचा प्रश्न वाटतो.

त्यात या पैशाची खबर गावाला आधीच लागलेली असते. भावाला विहिरीवर मोटर बसवायची असते, मेहुण्याला गाडी घ्यायची असते, कोणी ‘दामदुप्पट’ योजनेचा कागद घेऊन येतो. आणि पतसंस्थेत जामीनदार म्हणून सर्वांत आधी आठवतो तो पेन्शनवाला फौजी, कारण त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा होणार याची सगळ्यांना खात्री असते. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून स्वतःची पेन्शन अडकवून बसलेले माजी सैनिक साताऱ्यापासून बीडपर्यंत कुठल्याही तालुक्यात भेटतील. धंदा सुरू होण्याआधीच भांडवलाला अशी गळती लागते, आणि नात्यातल्या माणसाला नाही म्हणायला कुठल्याही पलटणीत शिकवलेले नसते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर फौजेतून परतलेल्या माणसाने व्यापारात पडावे अशी रीतच इथे फारशी नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागेही ‘सैनिक’ लागले आहे. या गावांमध्ये पेन्शनर परत येई तो शेतीकडे, आणि दुसरे काही करायचे झाले तर सरकारी नोकरीकडे. कोकणात दापोली हे लष्करी पेन्शनरांचे ठाणे होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्याकडे सरकारी खात्यात नोकरीला लागले. सुभेदाराच्या हुद्द्यावर पोचलेल्या, शिकलेल्या माणसापुढे दुकान थाटण्याची वाट नव्हती, यामागे निव्वळ आवडनिवड नव्हती. ज्या समाजाच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्याच्या दुकानातला माल गावाने घेतला असता काय? फौजेने दिलेली प्रतिष्ठा छावणीच्या वेशीपर्यंत चालत होती. माजी सैनिकाच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळली तर तो अर्धाच राहील. आजही कोणाचे दुकान बाजारपेठेच्या मधोमध असते आणि कोणाचे वस्तीच्या टोकाला, हे फौजेतल्या हुद्द्यावरून ठरत नाही.

एक वेगळा धागा पुण्याजवळ खडकीला आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि हात किंवा पाय गमावलेल्या जवानांना तिथे हुन्नर शिकवला जातो. या संस्थेमागची कल्पना मला फार मोलाची वाटते. आधी हातात काम द्यायचे, ते अंगवळणी पडू द्यायचे आणि मग माणसाला बाहेर सोडायचे. धडधाकट सैनिकांसाठी ही कल्पना इतक्या गांभीर्याने राबवली गेली नाही, याची खंत वाटते.

धडधाकटांसाठी सरकारने जे केले ते बहुतांशी राखीव धंद्यांच्या रूपात. संरक्षण मंत्रालयाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे. फौजी त्याला डीजीआर म्हणतात. सार्वजनिक उपक्रमांना सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, कोळसा खाणींतली वाहतूक, तेल कंपन्यांच्या मालकीचे पेट्रोल पंप आणि सीएनजी स्टेशन चालवणे, दुधाचे आणि भाजीचे बूथ अशी कामे त्याच्यामार्फत माजी सैनिकांकडे येतात. पंप आणि गॅस एजन्सीच्या वाटपात संरक्षण गटासाठी ८ टक्के वाटा असतो. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर वीरपत्नींना आणि जखमी जवानांना पंप आणि गॅस एजन्सी देण्यात आल्या, तेव्हापासून ‘फौजीचा पंप’ हे शब्द सर्वांच्या ओळखीचे झाले. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, स्थापन केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या या महामंडळाचे मुख्य काम सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांना माजी सैनिक सुरक्षा रक्षक पुरवणे हेच राहिले आहे.

या योजनांनी अनेक घरे उभी राहिली, ते नाकारण्यात अर्थ नाही. विशेषतः वीरपत्नीच्या नावावरचा पंप तिच्या मुलांची शिक्षणे करून देतो, तेव्हा त्या योजनेचे चीज झाले असे म्हणायला हवे. पण योजनांची रचना पाहिली की एक भेद ठळक दिसतो. सुरक्षा एजन्सी, कोळसा वाहतुकीची कंपनी, चालवायला घेतलेला पंप या जागा मुख्यतः निवृत्त अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतात. जवान, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला येते ती त्या एजन्सीतली रक्षकाची नोकरी किंवा त्या कंपनीतली ड्रायव्हरकी. सैन्यातून बाहेर पडल्यावरही उतरंड तीच राहते. संख्येने पाहिले तर बाहेर पडणाऱ्यांत अधिकारी मूठभर आणि इतर हुद्द्यांचे लोक बाकी सगळे. म्हणजे उद्योजकतेच्या योजना ज्यांच्यासाठी आखल्या जातात ते थोडे, आणि ज्यांना त्यांची गरज आहे ते बाजूला.

राखीव धंद्याची आणखी एक मर्यादा आहे. ग्राहक सरकार ठरवून देते, दर सरकार ठरवते, मुदत संपली की काम संपते. ठरावीक वर्षांचे कंत्राट संपल्यावर त्या माणसाकडे पैसे उरतात, पण गिऱ्हाईक कसे मिळवायचे हे ज्ञान उरतेच असे नाही. शिवाय सुरक्षा एजन्सी हा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा मुळीच नाही. २००५ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, रक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी असते. खरा ताण रोख रकमेचा. ५० रक्षक, प्रत्येकी २० हजार पगार धरला तर महिन्याला १० लाख रुपये वेळेवर द्यावेच लागतात. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय भरण्याची तारीख चुकली तर दंड. बिल मात्र ग्राहकाकडून दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी निघते. म्हणजे कागदावर नफ्यात असलेल्या एजन्सीला २०-३० लाख रुपये कायम अडकवून ठेवावे लागतात. ज्याने आयुष्यभर पहिल्या तारखेला पगार घेतला, त्याला आता पहिल्या तारखेला पगार द्यायचा असतो, आणि दोन्हींत किती अंतर आहे हे पहिल्या तिमाहीतच कळते.

कर्जयोजनांचे चित्र कागदावर बरे आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे आणि त्यात माजी सैनिक विशेष गटात धरले जातात. सर्वसाधारण अर्जदाराला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात, माजी सैनिकाला ५ टक्के. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के. उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंत प्रकल्प मंजूर होऊ शकतो. गावात १० लाखांचा प्रकल्प उभारायचा तर स्वतःचे ५० हजार पुरतात आणि साडेतीन लाखांचे अनुदान मिळते. ते हातात येत नाही, बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असेल तर कर्जात वळते होते. ही तीन वर्षांची अट चांगली आहे, कारण अनुदान उचलून शटर ओढणाऱ्यांना ती आवर घालते. मुद्रा कर्जाची सोय २०१५ पासून आहेच. राष्ट्रीय पातळीवर सिडबी, नाबार्ड आणि खादी ग्रामोद्योग आयोग यांच्याशी जोडलेल्या माजी सैनिकांसाठीच्या स्वयंरोजगार योजनाही आहेत.

बँकेच्या टेबलापाशी मात्र गोष्ट वेगळे वळण घेते. प्रकल्प अहवाल, कोटेशन, जागेचा उतारा, जीएसटी, उद्यम नोंदणी हे सगळे गोळा करून माणूस जातो. व्यवस्थापक पासबुक पाहतो आणि म्हणतो, पेन्शन आमच्याच शाखेत येते ना, मग पेन्शन लोन घ्या, दोन दिवसांत होईल. दोन दिवसांत होतेही. पण ते कर्ज व्यक्तीच्या नावावर असते आणि हप्ता थेट पेन्शनमधून कापला जातो. धंदा नफ्यात असो वा तोट्यात, बँक सुखरूप राहते. अनुदान मिळत नाही, प्रकल्पाची छाननी होत नाही, हा धंदा या गावात चालेल का असा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या पेन्शनवर घरचा किराणा आणि मुलांची फी अवलंबून असते तीच धंद्याच्या जोखमीत ओढली जाते. विकलेल्या भागाची कपात आणि वरून या कर्जाचा हप्ता असे दोन्ही एकाच पेन्शनमधून जायला लागले की वीस हजारांतले हातात किती उरते याचा हिशेब कोणीही करू शकेल. अशा घरात धंद्याचा एक वाईट हंगामही परवडत नाही.

आता प्रत्यक्षात माणसे करतात काय, ते पाहू. याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या फौजेतल्या शाखेत दडलेले असते. ईएमई, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती कोअरमधला माणूस गाड्यांची इंजिने खोलून-जोडून तयार झालेला असतो. तालुक्याच्या गावी त्याने गॅरेज टाकले तर पहिल्या दिवसापासून हाताला काम असते. पुरवठा कोअरमधला ड्रायव्हर टेम्पो किंवा ट्रक घेतो. लेहच्या रस्त्यावर ताफा चालवलेल्या माणसाला आंबेनळीच्या घाटाची भीती नसते, पण भाड्याचा दर, दलालाचे कमिशन आणि परतीचा माल या तिन्ही गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेले बांधकामाच्या छोट्या ठेक्यांकडे वळतात, सिग्नल्सवाले सीसीटीव्ही आणि केबलकडे, वैद्यकीय कोअरमधले नर्सिंग असिस्टंट दवाखान्याच्या आसपासच्या कामांकडे. नौदल आणि वायुदलाचे तंत्रज्ञ यांत सर्वांत सुस्थितीत असतात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत सागरी इंजिनांचे शिक्षण घेतलेल्या माणसाला मुंबई आणि वास्कोच्या गोद्यांमध्ये मागणी असते. पण त्यांना नोकऱ्याच इतक्या बऱ्या मिळतात की धंद्यात उडी मारायचे कारण फारसे उरत नाही.

सर्वांत अवघड जागी असतो तो पायदळातला जवान. मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट यांतून महाराष्ट्राचे हजारो तरुण निवृत्त होतात. त्यांची कौशल्ये युद्धात अमोल आहेत, पण बाजारात त्यांना भाव नाही. म्हणून तो दूध, कुक्कुटपालन, शेळ्या, किराणा, ढाबा, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय अशा सर्वांना माहीत असलेल्या धंद्यांकडे जातो, जिथे आधीच गर्दी आहे. कुक्कुटपालनात तो बहुधा कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतो. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, शेड आणि वीज याची. शेडमध्ये निवृत्तीचे ८-१० लाख घातलेले असतात आणि हातात पडते ते किलोमागे ठरलेले वाढवणीचे पैसे. धंदा त्याच्या नावावर असतो, पण दर ठरवायची सत्ता त्याच्याकडे नसते.

पायदळाच्या माणसाने स्वतःच्या कौशल्याला बाजार शोधला तो एका ठिकाणी: भरतीपूर्व प्रशिक्षण अकॅडमी. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बीड, बुलढाणा या जिल्ह्यांत माजी सैनिकांनी काढलेल्या अशा अकॅडमी गावोगाव दिसतात. भाड्याचे मैदान, पत्र्याची शेड, मुक्कामी मुले, पहाटेचे धावणे, गोळाफेक, लेखी परीक्षेचा तास. इथे फौजीला पुरेपूर माहिती असलेला माल आहे आणि त्याचे गिऱ्हाईक दारात उभे आहे. कर्ज कमी, साहित्य थोडे. पण हा धंदा पूर्णपणे भरतीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. कोरोनाच्या काळात सुमारे दोन वर्षे लष्कराचे भरती मेळावे झाले नाहीत, आणि त्यानंतर २०२२ मध्ये चार वर्षांच्या सेवेची अग्निपथ योजना आली. मुलांचे वय निघून गेले आणि अकॅडमी चालवणाऱ्यांचे मैदानाचे भाडे चालूच राहिले. ज्यांनी पोलीस भरती आणि वनरक्षक भरती जोडून घेतली ते टिकले. एकाच सरकारी खिडकीवर धंदा उभा करण्याचा धोका सुरक्षा एजन्सीइतकाच इथेही आहे.

माजी सैनिक धंद्यात का यशस्वी होतो याचे उत्तर हमखास ‘शिस्त’ असे दिले जाते. मला ते फार मोघम वाटते. पहाटे उठण्याने दुकान चालत नाही. फौजेतून येणारे उपयोगी गुण अधिक ठोस आहेत. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाला प्रत्येक वस्तूची नोंद, शिल्लक आणि तूट लेजरवर दाखवायची सवय असते. गाडीचे तेल किलोमीटर पाहून बदलायचे, बिघाड होण्याची वाट पाहायची नाही, ही देखभालीची सवय ट्रक आणि ट्रॅक्टरच्या धंद्यात थेट पैसे वाचवते. पन्नास अनोळखी माणसांसोबत, वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या, राहण्याची आणि काम करून घेण्याची सवय गावातल्या कुठल्याही दुकानदाराकडे नसते. या गोष्टींची किंमत आहे.

उणे बाजूही तितकीच ठोस आहे. फौजेत वस्तूचा भाव करावा लागत नाही, मागणीपत्र भरले की वस्तू येते. शब्द दिला की शब्द पाळला जातो, त्यामुळे लेखी करार न करता माल देण्याची चूक माजी सैनिक वारंवार करतो. उधारीची वसुली त्याला अपमानास्पद वाटते. गावात सुभेदारसाहेब म्हणून मान आहे, मग दोन हजारांसाठी कोणाच्या दारात कसे उभे राहायचे? शेजाऱ्याला हे नेमके ठाऊक असते आणि खातेवहीतली रक्कम वाढत जाते. भागीदारी हा आणखी एक खड्डा. पैसे फौजीचे, अनुभव भागीदाराचा, अशी वाटणी बहुधा एकाच बाजूने फायद्याची ठरते.

या सगळ्यात घरातल्या बाईकडे कोणाचे लक्ष जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. नवरा सीमेवर असताना पंधरा-वीस वर्षे घर, शेत, मजूर, बँक, सोसायटीचे कर्ज, शाळा, सासूसासऱ्यांची आजारपणे हे सारे तिने एकटीने सांभाळलेले असते. कोण बुडवेगिरी करतो, कोणाचा शब्द खरा, कुठल्या दुकानात काय भाव आहे हे तिला पाठ असते. बाजाराची जी समज निवृत्त होणाऱ्या जवानाकडे नसते, ती त्याच घरात असते. ज्या घरांत दुकानाचा गल्ला आणि उधारीची वही तिच्या हातात जाते, तिथे धंदा तगण्याची शक्यता वाढते असे माझे निरीक्षण आहे. निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम मुख्यतः जवानालाच दिले जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यात पत्नीला बरोबरीने बसवले पाहिजे, तेही हळदीकुंकवापुरते नव्हे.

सैनिकांतून घडलेल्या मोठ्या उद्योजकांची नावे घेतली जातात तेव्हा दोन कॅप्टन आघाडीवर असतात. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी लष्करी सेवा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडली. मुंबईत सहार विमानतळाजवळ त्यांचे लीला हॉटेल उभे राहिले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या साठीनंतर. मधली तीन दशके ते कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत होते. कन्नूरच्या हातमागापासून सुरुवात झालेल्या त्या धंद्यात त्यांनी परदेशी गिऱ्हाइके ओळखायला शिकून घेतले. दुसरे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. १९७१ चे युद्ध पाहिलेला हा अधिकारी तिशीच्या आत लष्कर सोडून बाहेर पडला. हेमावती धरणात कुटुंबाची जमीन गेली होती, तिच्या बदल्यात मिळालेल्या ओसाड रानात त्यांनी वर्षानुवर्षे शेती केली, रेशीम उत्पादन केले, हासनमध्ये हॉटेल चालवले, मोटरसायकलची एजन्सी घेतली. रेशीमशेतीतल्या कामासाठी त्यांना १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. हेलिकॉप्टर कंपनी त्यानंतर आली आणि स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन २००३ मध्ये. ती पुढे तोट्यात जाऊन किंगफिशरकडे गेली, पण तोवर भारतात विमानात बसणारा वर्ग कायमचा बदलला होता. दोघांच्याही आयुष्यात फौज आणि प्रसिद्ध उद्योग यांच्यामध्ये दोन-तीन दशकांची उमेदवारी आहे. सत्काराच्या भाषणांत ही मधली वर्षे गाळली जातात, आणि ऐकणाऱ्या नाईकाला वाटते की बॅरॅकमधून निघून थेट विमान कंपनी काढता येते.

अग्निपथ योजनेने या जुन्या प्रश्नाची मांडणीच बदलली आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत तरुण ‘अग्निवीर’ म्हणून साडेसतरा ते एकवीस या वयात भरती होतो, चार वर्षे सेवा करतो आणि जास्तीत जास्त २५ टक्के जण पुढे कायम केले जातात. बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन बाहेर पडतात. यातले निम्मे त्यांच्याच पगारातून कापलेले असतात, निम्मे सरकारचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी सुमारे ४६ हजार जागा होत्या आणि त्यातली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडायची आहे.

रक्कम पाहा. वर सांगितलेल्या हवालदाराला अर्धी पेन्शन विकून जेवढे मिळतात, जवळजवळ तेवढेच. पण हवालदाराच्या मागे दरमहा उरलेली पेन्शन आणि कुटुंबाला वैद्यकीय सोय आहे. तो पडला तरी घर उपाशी राहत नाही. अग्निवीराला एकरकमी पैसा मिळतो आणि त्याच्या खाली आधार काहीच नाही. पंचविशीच्या आतल्या मुलाच्या हातात बारा लाख रुपये, त्याच्या घरावर बहुधा आधीचे कर्ज, बहिणीचे लग्न, आणि दारात गाडीच्या शोरूमचा एजंट. पैसा आधी आणि समज नंतर हा क्रम इथे अधिकच धोक्याचा होतो. दुसरीकडे, वय त्याच्या बाजूने आहे. चाळिशीतल्या हवालदाराला जे शिकायला जड जाते ते बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला जात नाही, आणि धंदा बुडाला तरी पुन्हा उभे राहायला त्याच्याकडे वर्षे आहेत.

इस्रायलचे उदाहरण या संदर्भात वरचेवर दिले जाते. तिथे सक्तीची सेवा संपवून मुले विशीत बाहेर पडतात आणि लष्कराच्या ८२०० या तुकडीत काम केलेल्यांनी सायबर सुरक्षेच्या नामांकित कंपन्या उभ्या केल्या, त्यातली चेक पॉइंट ही १९९३ ची. पण त्या तुकडीत निवडक मुलांना असे तंत्र शिकवले जाते जे बाहेरचा बाजार तोंडाने मागेल ती किंमत देऊन घेतो. आपल्या पायदळाच्या अग्निवीराला चार वर्षांत जे शिकवले जाते त्याचा तसा बाजार नाही. तुलना करायचीच तर मला अमेरिकेचा १९४४ चा जीआय बिल कायदा जवळचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांना त्यात घर, शेती आणि धंद्यासाठी कर्जहमी होती, महाविद्यालयाची फी होती. त्याची एक बाजू आपल्याकडे कमी माहीत आहे. कारखान्यात, दुकानात किंवा शेतावर प्रत्यक्ष काम करत शिकणाऱ्या माजी सैनिकालाही त्या कायद्याने निर्वाह भत्ता दिला होता. भांडवलाआधी उमेदवारी, आणि उमेदवारीच्या काळात घर चालेल एवढा पैसा.

आपल्याकडे अशी सोय उभी करायला नवीन खाते लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, उद्योजकता विकास केंद्र आहे, औद्योगिक वसाहती आहेत, आणि वीस वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गॅरेज किंवा वाहतुकीचा धंदा जमवलेले माजी सैनिकही आहेत. त्यांच्याकडे वर्षभर पगारी उमेदवारी करायची, भत्ता सरकारने द्यायचा, अशी व्यवस्था डीजीआर आणि राज्याचा सैनिक कल्याण विभाग मिळून करू शकतात. पेन्शन विकण्यासाठी वैद्यकीय तपासणीविना मिळणारी मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर न्यावी. अग्निवीराच्या सेवानिधीपैकी मोठा वाटा दोन वर्षे ठेवीत ठेवून त्यावर चांगले व्याज देण्याचा पर्याय त्याच्या हातात असावा, सक्तीने नव्हे तर त्याच्या मर्जीने. माजी सैनिकांच्या एजन्सींची बिले ४५ दिवसांत चुकती झाली पाहिजेत. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यात ही मुदत लिहिलेलीच आहे, आणि पैसे थकवणाऱ्यांत सरकारी ग्राहकही असतात. अनुदान घेऊन सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या उद्योगांपैकी पाच वर्षांनी किती चालू आहेत, याचा जिल्हावार तक्ता दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी प्रसिद्ध करावा. कुठल्या जिल्ह्यात कुठला धंदा टिकतो हे त्यातून कळेल, आणि डिसेंबरात किंवा जूनमध्ये डिस्चार्ज बुक घेऊन गावी परतणाऱ्या नाईकाला शेड बांधायची की गॅरेज टाकायचे, हे शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा बऱ्या आधारावर ठरवता येईल.